पानाचं नाक

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस सूक्ष्मदर्शक होते, आणि त्यांतून कुणी काही बघावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. वर्षाअखेरीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असे : समोर ठेवलेला पानाचा छेद पाहून आकृती काढा आणि नावं द्या. आता पाहून म्हणजे काय, हे ज्याला त्याला पहिल्या वर्षीच कळायचं. पाठ्यपुस्तकात एक आकृती होती. वर जाड त्वचा, तिच्याखाली खांबासारख्या उभ्या पेशींची शिस्तबद्ध रांग, त्याखाली स्पंजासारखा पोकळ भाग, मधोमध शीर, आणि तळाच्या त्वचेत हवा ये-जा करणारं एक रंध्र, म्हणजे पानाचं नाकच. ही आकृती मुलं पाठ करत, बाहेरून येणारे परीक्षक जवळ आले की एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावत, आणि पाठ केलेलं पान कागदावर उतरवत. खाली न चुकता लिहीत, ‘सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्याप्रमाणे’. गेल्या वर्षी अकरा नंबरच्या सूक्ष्मदर्शकाचं वरचं भिंग दुरुस्तीला गेलं होतं, नुसती नळीच उभी होती. त्या नळीपाशी बसलेल्या मुलाला दहापैकी नऊ मिळाले. अर्धा गुण आकृती थोडी डावीकडे झुकली म्हणून गेला, आणि अर्धा अक्षरासाठी.

या सगळ्या सोहळ्यात प्रत्यक्ष पानाशी संबंध असलेला माणूस एकच, तो म्हणजे प्रयोगशाळेचा सहायक. मुलं त्यांना ब्लेडमामा म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी पानं कापली होती. गाजराचा तुकडा घ्यायचा, त्याला मधोमध चीर द्यायची, चिरेत पानाची पट्टी धरायची, आणि पाण्यात भिजवलेल्या पात्याने गाजरासकट सपासप काप काढायचे. शंभर कापांतला एखादा असा निघे की बशीतल्या पाण्यात तो दिसायचाच नाही. तोच मामांना हवा असे. तो ब्रशच्या टोकावर उचलून, लाल रंगात बुडवून, काचेवर ठेवून, वरची पातळ काच तिरकी टेकवून अलगद सोडत, बुडबुडा म्हणून आत शिरू देत नसत. मुलांची बोटं कापतात म्हणून परीक्षेचे तीसही छेद मामांनीच काढायचे, असा विभागाचा दंडक होता. विभागप्रमुख बाईंनी पानांवर प्रबंध लिहून डॉक्टरकी मिळवली होती. त्या प्रबंधातले एकशे सहा छेद मामांच्या हातचे. प्रबंधाच्या सुरुवातीला बाईंनी नवऱ्याचे, सासूचे, टंकलेखकाचे आणि घरच्या कुत्र्याचे आभार मानले होते. मामांनी ते पान दोनदा वाचलं होतं, न जाणो आपलं नाव कुत्र्याच्या मागे कुठे राहिलं असेल म्हणून.

यंदा मात्र तीस परीक्षार्थींमध्ये एकवीस नंबरला मामांची सून बसणार होती.

सूनबाईंनी लग्नामुळे शिक्षण अर्ध्यात सोडलेलं. मुलगा कामानिमित्त महिनोन्‌महिने बाहेरगावी, आणि घरात सासू-सासऱ्यांची तोंडं किती बघायची? नातू शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा नाव घातलं, विशीतल्या पोरांमध्ये जाऊन बसली. घराजवळच्या शाळेत विज्ञानशिक्षिकेची एक जागा रिकामी होती. मुख्याध्यापिकेने स्पष्ट सांगितलं होतं, “सत्र सुरू व्हायच्या आत उत्तीर्ण झाल्याचा कागद आणा, जागा तुमची. एक दिवस उशीर झाला, तर मागे सतरा अर्ज पडलेत.” सूनबाईंनी त्या जागेसाठी जिवाचं रान केलं होतं. सकाळचा स्वयंपाक, दुपारचं कॉलेज, संध्याकाळचा पोराचा अभ्यास, आणि मग स्वतःचा.

रात्रीची जेवणं उरकली की ओट्याशेजारच्या टेबलावर मामा तिला गाजर आणि पातं देत. मामींचा जळफळाट व्हायचा. “अहो, भाजी करायला एक गाजर ठेवाल की नाही घरात?” मामा लक्ष देत नसत. जुना, मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी स्वतः दुरुस्त करून घरी आणला होता.

“पुस्तक मिट,” ते म्हणत. “दिसतंय ते काढ. फाटलेलं दिसलं तर फाटलेलं काढ.”

“बाबा, पण रंध्रं नेहमी खालीच का असतात?”

“नेहमी बिहमी काही नसतं. पान म्हणजे स्वयंपाकघर. वरून ऊन घ्यायचं, शिरांमधून पाणी घ्यायचं, हवेतला वायू घ्यायचा आणि साखर शिजवायची. हवा घ्यायला दार उघडलं की त्याच दारातून पाणी वाफ होऊन पळतं. म्हणून शहाणं झाड दार सावलीच्या बाजूला ठेवतं. पण प्रत्येकाची सावली सारखी असते का? ज्याचं त्याने बघायचं. आपणही बघायचं.”

सूनबाईंना हे पटलं. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं, कारण परीक्षेला बसणाऱ्याला इतकं पटून चालत नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विभागप्रमुख बाईंना सौंदर्यदृष्टी प्राप्त झाली. प्रयोगशाळेबाहेर जास्वंदीचं जुनं कुंपण होतं. परीक्षेची पानं दरवर्षी त्याचीच. बाईंना ते अस्ताव्यस्त वाटायला लागलं. मामा दोन दिवस रजेवर असताना कुंपण मुळासकट उपटलं गेलं आणि तिथे प्लॅस्टिकच्या पानांची हिरवी भिंत उभी राहिली. “पाणी नको, खत नको, कचरा नाही,” बाई अभिमानाने सांगत होत्या. वनस्पतिशास्त्र विभागाच्या दाराशी प्लॅस्टिकची पानं! मामांनी कपाळावर हात मारला. परीक्षेच्या सकाळी ते पात्याला धार लावून बाहेर आले, तर कापायला त्या भिंतीशिवाय काही नाही.

इमारतीमागे एक हौद होता. त्यात कुमुदाची पानं पाण्यावर पसरून पडलेली होती, गोल, चकचकीत. मामा हौदाच्या काठावर उभे राहिले आणि त्यांच्या मनात खुट्ट झालं. पाण्यावर तरंगणाऱ्या पानाच्या खालच्या बाजूला हवा कुठली? तिथे पाणी. त्याची रंध्रं सगळी वर, उन्हाच्या बाजूला. आत मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या, पान बुडू नये म्हणून. पुस्तकातल्या आकृतीच्या बरोबर उलट. एक वेळ वाटलं, रस्ता ओलांडून कुणाच्या तरी बागेतली जास्वंद मागून आणावी. पाच मिनिटांचं काम. पण मामांना त्या दिवशी हुक्की आली. चौतीस वर्षं छेद काढले, एकदा तरी बघू दे की लेकाच्यांना! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावेल त्याला आपोआप दिसेल. आणि डोळा लावायलाच तर सांगितलंय प्रश्नात.

मात्र माणूस नियमाचा पक्का. साहित्याच्या चिठ्ठीवर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘जास्वंद उपलब्ध नाही, कुमुदाचं पान देत आहे’, आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली आणि चिठ्ठी मामांकडे परत सरकवली. सूनबाईंना मामांनी अवाक्षर सांगितलं नाही. सांगणं म्हणजे पेपर फोडणं. बसस्टॉपवर दोघं शेजारी उभे होते, तरी नाही.

बाहेरचे परीक्षक अकराला आले. अंगापिंडाने भरलेले, बोलण्यात भारदस्त, आणि अशा परीक्षांना फिरून फिरून इतके तयार झालेले की आकृती उलटी धरली तरी गुण देतील. त्यांनी तीस टेबलांमधून एक फेरी मारली. एकोणतीस कागदांवर एकोणतीस जास्वंदी फुलल्या होत्या. रंध्र खाली, रांग वर, सगळं जागच्या जागी. कोपऱ्यात बेसिनपाशी काचा धूत उभे असलेले मामा ते बघत होते. एकाही मुलाला काही वेगळं दिसू नये? एकानेही मान वर करून ‘मामा, हे काय?’ म्हणू नये? अहो, अंगठ्याएवढ्या पोकळ्या दिसत होत्या त्यात!

परीक्षक एकवीस नंबरपाशी थांबले. सूनबाईंनी रंध्रं वरच्या त्वचेत काढली होती, एक नाही, पाच. खाली एकही नाही. आत भलीमोठी दालनं, आणि दालनांच्या भिंतींतून चांदणीसारख्या टोकदार पेशी बाहेर आलेल्या.

“हे काय आहे?” परीक्षकांनी विचारलं.

“पानाचा छेद, सर.”

“पानाला एवढी भगदाडं? आणि रंध्रं वर? पान उलटं काढलंयत तुम्ही, बाई.”

“नाही सर. उभ्या पेशी वरच आहेत. त्यांच्या बाजूलाच रंध्रं आहेत.”

“रंध्रं कुठे असतात?”

“जिकडे हवा असेल तिकडे, सर.”

शेजारची दोन मुलं फिसकन हसली. परीक्षकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांना हे उद्धट वाटलं, आणि उद्धटपणाला पुस्तकात गुण दिलेले नव्हते. त्यांनी कागदावर मोठ्ठं शून्य काढलं. ते मात्र त्यांनी प्रत्यक्ष बघून काढलं असावं, इतकं गोल होतं.

त्या परीक्षेचा नियम असा की आकृतीत शून्य म्हणजे प्रात्यक्षिकात नापास, आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं. सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मामांकडे बघितलं नाही. मामांना वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांच्या हातातून काच निसटून बेसिनमध्ये फुटली. “साहेब,” ते म्हणाले, “एकदा आत बघता का?”

चौतीस वर्षांत परीक्षेच्या वेळी सहायक बोलला नव्हता. नळ बोलला असता तरी एवढं आश्चर्य वाटलं नसतं. बाई धावत आल्या. “मामा! तुम्ही तुमचं काम करा. आणि साहेब, ती यांची सून आहे बरं का,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे तीसही मुलांना ऐकू जाईल इतक्या हळू.

“सून असो नाहीतर सासू,” मामांचा आवाज चढला. “छेद मी काढलाय. पान कुमुदाचं आहे. बघायला काय पैसे पडतात? डोळा लावा आणि बघा!”

आता एवढ्या मुलांसमोर सूक्ष्मदर्शकात बघायला नकार देणं परीक्षकांना जड गेलं. ते स्टुलावर बसले. आधी त्यांनी दोन्ही डोळे मिटले, मग चुकीचा उघडला, मग आरसा फिरवायचा असतो हे त्यांना आठवलं. आणि मग ते भिंगाला चिकटूनच राहिले. मान वर केली तेव्हा त्यांचा भारदस्तपणा कुठल्या कुठे गेला होता.

“किती सुंदर आहे हो,” ते म्हणाले.

मामांना एकदम भरून आलं. पण एवढंच. साहेबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि रुमालाबरोबर ते सौंदर्यही खिशात गेलं. तिघेही बाईंच्या खोलीत जाऊन बसले, म्हणजे परीक्षक आणि बाई बसल्या, मामा उभे राहिले.

“पंचाईत आहे,” परीक्षक म्हणाले. “ही बरोबर असेल तर बाकीचे एकोणतीस चूक.”

“एकोणतीस नापास म्हणजे माझा विभाग बंद!” बाई किंचाळल्या. मग त्यांनी जरा विचार केला. डॉक्टरकी उगाच मिळत नाही. “साहेब, मुलं चुकलीच नाहीत. पान चुकलंय. अभ्यासक्रमात जास्वंद आहे. समोर चुकीचं पान असतानाही एकोणतीस मुलांनी बरोबर पान काढलं. यातच विभागाची गुणवत्ता दिसते.”

परीक्षकांनी या युक्तिवादाकडे आदराने बघितलं.

“आणि एकवीस नंबर?” मामांनी विचारलं.

“तिची पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा घेऊ. बिचारीचा काय दोष? चुकीचं पान लावणाऱ्याचा दोष.” बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “तुम्ही लिहून द्या, निष्काळजीपणाने अभ्यासक्रमाबाहेरचं पान लावलं म्हणून. म्हणजे मला फेरपरीक्षेचं कारण दाखवता येईल.”

मामांनी खिशातून सकाळची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. कुमुदाचं पान, तारीख, आणि खाली बाईंची झोकदार सही. बाईंनी ती वाचली. या वेळी खरोखर वाचली.

परीक्षकांनी घसा साफ केला. “हे पुढे आलं तर चौकशी लागेल. चौकशी म्हणजे तिसांचाही निकाल अडकणार. तीन महिने, चार महिने. तुमच्या सूनबाईंचाही.”

मामांनी मनात सत्राची तारीख मोजली. सोळा दिवस. तीन महिन्यांनी ते स्वतः निवृत्त व्हायचे होते. पुढे दोन वर्षं छेद काढायला ठेवून घेऊ, असं बाईंनीच तोंडभरून सांगितलं होतं, आणि मामा त्या दोन वर्षांवर जीव लावून बसले होते. घरी बसून त्यांना दुसरं करता काय येत होतं? ‘निष्काळजी’ असा शेरा फायलीत पडला की मुदतवाढ विसरायची. आणि निष्काळजी! पानाचा केसाहून पातळ काप काढणारा माणूस निष्काळजी! त्यांना बाईंचा इतका संताप आला की कान तापले. त्याहून जास्त संताप स्वतःचा आला. कोणी सांगितलं होतं हौदावर जायला? पाच मिनिटं चालून जास्वंद आणली असती तर पोरीचं वर्ष टांगणीला लागलं नसतं. शिकवायची हौस आपली, आणि फळ तिला.

त्यांनी चिठ्ठी परत खिशात घातली आणि बाई सांगतील ते शब्द लिहून खाली सही केली. ‘निष्काळजी’ शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ बाईंना विचारावं लागलं. त्यांना तो शब्द लिहायची कधी वेळ आली नव्हती.

फेरपरीक्षेला बाईंनी स्वतःच्या बंगल्यातली जास्वंद आणली. छेद मामांनीच काढला, नाहीतर काढणार कोण? काप नेहमीसारखाच निघाला. फक्त एका कडेला पात्याचा ओरखडा लागून त्वचा किंचित फाटली. सूनबाई स्टुलावर बसली, आरसा फिरवला, आणि पाऊण तास डोळा हलवला नाही. काढलं ते सगळं जास्वंदीच्या पानात होतं. उभ्या पेशी वर होत्या म्हणून वर, रंध्रं जिथे दिसली तिथे, आणि कोपऱ्यातली फाटलेली त्वचा फाटलेली.

परीक्षकांनी कागद उचलला आणि त्यांचा चेहरा खुलला. फाटका कोपरा त्यांना दिसला नाही, किंवा पेन्सिल घसरली असं वाटलं असेल. त्यांनी साडेनऊ गुण लिहिले. शेजारच्या सूक्ष्मदर्शकात बघण्याची या वेळी त्यांना काही गरज भासली नाही.

“आता कसं!” ते म्हणाले. “घरी बसून पुस्तकातली आकृती नीट पाठ केलीत ना? असंच करायचं असतं.”

बेसिनपाशी मामांनी नळ बंद केला. ही आता बोलणार. बघून काढलंय म्हणणार, मागच्या वेळीही बघूनच काढलं होतं म्हणणार. बोल, पोरी.

“हो सर,” सूनबाई म्हणाली. “पाठ केली.”

बसस्टॉपवर पोचल्यावर मामांचा बांध फुटला. “खोटं का बोललीस? त्या माणसासमोर? मी मान खाली घालून सही केली ती कशासाठी? तू तरी खरं बोलावंस म्हणून!”

सूनबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आणि मी मान खाली घातली ती तुमची सही वाया जाऊ नये म्हणून,” ती म्हणाली. “बाबा, मी उलट बोलले असते तर त्यांनी साडेनऊचं पुन्हा शून्य केलं असतं. मग तुम्ही निष्काळजी ठरलात ते कुणासाठी?”

भर रस्त्यात, चार माणसांसमोर मामांना रडू आलं. सूनबाईंनी पदराने स्वतःचे डोळे आधी पुसले, मग त्यांना हाताला धरून बसमध्ये चढवलं, आणि कंडक्टरकडे दोन तिकिटं मागितली.